पाणपाखरे आणि शून्य वरदी

माझ्या आजीच्या कालगणनेत इसवी सनाला जागा नव्हती. तिचा जन्म प्लेगाच्या भीतीने सारे गाव शिवारातल्या झोपड्यांत राहायला गेले होते त्या वर्षीचा, आणि लग्न 'मानमोडीनंतरच्या माघातले'. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि त्या एका वर्षात या तापाने मुंबई इलाख्यातील सुमारे दहा लाख माणसे नेली. आजी हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणीत असे. ज्यांच्या घरी जुनी वंशावळ जपलेली आहे त्यांनी ती एकदा उलगडून पाहावी. त्या वर्षीच्या आश्विनाच्या आसपास एकाच घरातील दोन-तीन नावे संपलेली आढळणे अशक्य नाही.

पुढे सरकारी नोकरीत हा शब्द मला पुन्हा भेटला तो कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगालाही आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मानमोडीच म्हणतात, कारण त्यात कोंबडीची मान खरोखरच पिळवटते. राणीखेतचा विषाणू निराळा आणि इन्फ्लुएंझाचा निराळा. बोलीने मात्र दोघांना एकाच दावणीला बांधले. ही गफलत पुढे महागात पडली, ते यथावकाश सांगेन. पण बोलीचे अगदीच चुकले होते असेही नाही. १८७८ मध्ये इटलीत पेरोन्चितो नावाच्या पशुवैद्याने 'कोंबड्यांचा प्लेग' म्हणून एका भयंकर रोगाचे वर्णन केले होते. त्याचा विषाणू माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाच्याच कुळातला आहे हे कळायला १९५५ साल उजाडावे लागले. त्यानंतर १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि त्यांच्या शरीरात याच कुळातला विषाणू सापडला. कोंबड्यांचा रोग रानपाखरांतही आढळू शकतो, हे प्रथमच पुढे आले. मग बदके, हंस, कुरव अशा पाणपाखरांची तपासणी देशोदेशी सुरू झाली आणि असे दिसले की, या कुळातील बहुतेक सौम्य विषाणू पाणबदकांच्या आतड्यांत मुक्कामाला असतात. बदक सहसा आजारी पडत नाही. विष्ठेवाटे विषाणू पाण्यात उतरतो आणि थंड पाण्यात पुष्कळ दिवस तग धरतो.

रानपाखरांवर रोगासाठी पाळत ठेवण्याची आपल्या देशातली कथा मात्र इन्फ्लुएंझापासून सुरू होत नाही. ती सुरू होते आपल्याच राज्यातल्या एका जंगलापासून, आणि तीही माकडांपासून.

१९५७ च्या आरंभी शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात लाकूडफाटा आणायला, गुरे चारायला जाणारी माणसे तापाने फणफणली, काही दगावली. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. बेळगावकरांच्या मनात त्या वेळी निराळेच प्रश्न होते, तेव्हा शिमोग्यातल्या माकडांची बातमी इकडे किती जणांनी वाचली असेल कोण जाणे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसे मात्र तातडीने तेथे पोहोचली. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून हे केंद्र उभारले होते. आजची पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. रोग गोचिडींमार्फत पसरतो हे त्यांनी शोधले, विषाणू वेगळा काढला, आणि त्याला त्या जंगलाचे नाव दिले. कन्नडमध्ये लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, आपल्याकडे माकडताप.

खरे कोडे पुढेच होते. हा विषाणू रशियात, सायबेरियाच्या बाजूला आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा सख्खा भाऊ निघाला. सायबेरियातला विषाणू सोरबमध्ये आला कसा? दरवर्षी हिवाळ्यात तिकडून इकडे येणारे एकच प्रवासी डोळ्यांपुढे होते, ते म्हणजे पाखरे. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून रोग आला असावा, असा तर्क झाला. तर्क वावगा नव्हता, पण पुरावा कोणाच्याच हाती नव्हता. पाखरे नेमकी कोठून येतात आणि कोठे जातात, हेही तेव्हा धड ठाऊक नव्हते.

हे शोधण्याचे साधन म्हणजे पाखराच्या पायात घालायची हलकी धातूची कडी. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते थोडेबहुत वापरून पाहिले होते, आणि त्यात पुढाकार होता धारच्या महाराजांचा. धारचे पवार म्हणजे मराठेच, तेव्हा हिंदुस्थानातल्या बदकांच्या पायांत आरंभी कड्या घालवून घेणारा राजा आपल्यापैकी होता, एवढी फुशारकी मारायला हरकत नाही. पण तो प्रयत्न लहान होता. क्यासनूरच्या तापाने या कामाला नवे निमित्त दिले. डॉ. सालिम अली यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडून साहाय्य मिळवले आणि १९५९ पासून सोसायटीने पक्षिस्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. कच्छ आणि भरतपूर येथे जाळी लागली. पाखरू पकडायचे, कडी घालायची, अंगावरच्या गोचिडी व रक्ताचा थेंब तपासणीसाठी घ्यायचा आणि त्याला सोडून द्यायचे. कडीवर क्रमांक आणि एक विनंती कोरलेली असे: मुंबईच्या सोसायटीला कळवा. पुढील दीड दशकात लाखाहून अधिक पाखरांच्या पायांत अशा कड्या पडल्या. भरतपूरला सोडलेल्या बदकाची कडी पुढे सोव्हिएत रशियातल्या एखाद्या शिकाऱ्याच्या हाती लागे, आणि तो ती मुंबईला कळवी. शीतयुद्धाच्या काळातही या पत्रांना सहसा अडथळा आला नाही, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात या अभ्यासाला अमेरिकी सैन्याशी संबंधित एका संस्थेकडून पैसा मिळू लागला, आणि १९७४ मध्ये त्यावरून गदारोळ उठला. पाखरांच्या मार्गाची माहिती जंतुयुद्धासाठी तर गोळा होत नाही ना, असा प्रश्न वृत्तपत्रांतून व संसदेत विचारला गेला. संसदेच्या लोकलेखा समितीने अशा परदेशी सहकार्याच्या संशोधनांवर कडक ताशेरे ओढले. सालिम अलींनी आपली बाजू मांडली; आमच्या कामात लपवण्यासारखे काहीच नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. मला दोन्ही बाजू समजतात. पैसा कोणाचा हे विचारणे समितीचे कर्तव्यच होते. पण त्या गदारोळात अभ्यासाचा निष्कर्ष मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही. स्थलांतरित पाखरांनी सायबेरियातून क्यासनूरचा विषाणू आणला असे सिद्ध झालेच नाही. तो इथल्याच जंगलात गोचिडी आणि लहान रानजनावरे यांच्यात नांदत होता. माणूस जंगलात खोल शिरला तेव्हा त्याच्या वाट्याला आला. पाखरांवरचा आरोप मागे पडला तो कोणी त्यांची वकिली केली म्हणून नव्हे. वर्षानुवर्षे हजारो पाखरे तपासून, काही सापडले नाही तर 'सापडले नाही' असे लिहून ठेवले गेले, म्हणून.

पुढे माकडताप आपल्याही उंबऱ्याशी आला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. खानापूरच्या रानातून पश्चिमेला उतरले की हाच मुलूख लागतो. तेथे आज धोक्याची पहिली सूचना देते ते मेलेले माकड, आणि ते कोणी कळवले तरच.

आता नवापूर. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातले हे गाव गुजरातच्या इतके लगत आहे की, त्याचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. सीमेवर जन्म काढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे कौतुक वाटायला नको. तेथे कुक्कुटपालनाचा धंदा मोठा. २००६ च्या जानेवारीच्या अखेरीपासून तेथील पोल्ट्र्यांत कोंबड्या मरू लागल्या. मालकांनी म्हटले, राणीखेत आहे. म्हणजे आपली जुनी मानमोडी. राणीखेत दरसालचा पाहुणा. त्याची वर्दी सरकारात कोण देतो? तीन आठवडे त्यात गेले. १८ फेब्रुवारी रोजी भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला: एच५एन१, भारतातला पहिला बर्ड फ्लू. मग तीन किलोमीटरच्या आतील कोंबड्या मारून पुरायच्या आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, असा क्रम सुरू झाला. पलीकडे गुजरातेत उच्छल तालुक्यातही रोग निघाला, पुढे जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांत. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. माणसांचे नमुने तपासले ते पुण्याच्या त्याच संस्थेने, जिने क्यासनूरचा विषाणू शोधला होता.

आणि पुन्हा पाखरांवर बोट दाखवले गेले. या वेळी त्याला सबळ कारण होते. आदल्याच वर्षी, २००५ च्या मे महिन्यापासून, चीनमधील चिंगहाय सरोवरावर सुमारे सहा हजार पाणपाखरे याच रोगाने मेली होती, आणि त्यांत पट्टकादंब हे हंस अधिक होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतो. कन्नडमध्ये हंसाच्या या जातीला 'हेब्बातु' म्हणतात. नवापूरचा विषाणू चिंगहायच्याच शाखेतला निघाला, हेही खरे. तरी तो हंसाने आणला की पिल्ले, अंडी, खाद्य आणि माणसे यांच्या ये-जा करण्यातून आला, हे सिद्ध झाले नाही. पोल्ट्री बंदिस्त असते, हंस तिच्या दाराशी येत नाही. ट्रक मात्र रोज येतो.

नवापूरच्या बातमीनंतर देशभर तलाव, धरणे, पाणथळी यांवर पाळत ठेवण्याचे आदेश निघाले. मी तेव्हा एका तालुक्याच्या ठिकाणी नोकरीत होतो. पशुवैद्यक खात्याचे काम ते, पण आठवड्याच्या एकत्रित पत्रकावर आमचीही सही लागे. तालुक्यात किती तलावांवर पाखरे आहेत, किती पाहिली, किती मेलेली आढळली, किती नमुने पाठवले, असे रकाने होते. मराठी दप्तरात ज्याला 'निरंक' म्हणतात त्याला आमच्या कन्नड दप्तरात 'शून्य वरदी' म्हणत. मराठीतही वर्दी देणे म्हणजे खबर देणेच. पण शून्याचीही वरदी असते, हे मला नोकरीत शिकायला मिळाले. लिहायला मात्र सांगावे लागले नाही. पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात शून्य. तलावावर कोणी गेले होते का, हे मी विचारले नाही. मार्च महिना, वर्षअखेर, वसुलीची धांदल. कारणांना कधी तोटा नसतो.

चौथ्या आठवड्यात निराळ्याच कामासाठी त्यांपैकी एका तलावावर जाण्याचा प्रसंग आला. काठावर एक म्हातारा भोई जाळे वाळत घालीत होता. पाखरांचा विषय मीच काढला, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, गेल्या बुधवारी तीन बदकं मेली होती की. वास सुटंल म्हणून पोरांनी पुरून टाकली." कुठली बदके, म्हणून विचारले तर त्याने हाताने चोचीचा आकार करून दाखवला: रुंद, चमच्यासारखी. म्हणजे थापट्या असावीत, उत्तरेकडून येणारी. कुणाला कळवले का? "कुणाला सांगायचं? कोण आलंच नाही की."

त्या बुधवारच्या आठवड्याचे शून्य माझ्या सहीने वर गेले होते. तीन बदके कशाने मेली हे आता कधीच कळणार नाही. बहुधा शेतातल्या औषधाने मेली असतील, किंवा जाळ्यात गुरफटून. तालुक्यात पुढे रोग निघाला नाही, हेही खरे. पण माझ्या पत्रकाने तो निघाला नाही असे सांगितले होते, त्याला काहीच अर्थ नव्हता. ते पाहून लिहिलेले शून्य नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वर पत्र लिहिले की, मागील पत्रक दुरुस्त करावे. पत्राचे उत्तर आले नाही. पत्रक दुरुस्त झाले की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मात्र मी हा विषय जमेल तसा वाचू लागलो. पाळत म्हणजे काय, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे म्हणून चार ओळी लिहितो. रोग पकडायचा असेल तर मेलेले वा आजारी पाखरू सर्वांत मोलाचे. पण मेलेले पाखरू मिळायला कोणीतरी काठावर रोज असावे लागते, आणि त्याने हात न लावता कळवावे लागते. जिवंत पाखरांच्या बाबतीत ताजी विष्ठा कापसाच्या बोळ्याने उचलतात किंवा पाखरू पकडून घशातून व गुदद्वारातून बोळा फिरवतात. बोळा विशिष्ट द्रवात, कुपी बर्फात, बर्फ दुहेरी-तिहेरी पेटीत, आणि पेटी प्रयोगशाळेत. बर्फ वाटेत वितळला की नमुना निकामी होतो, आणि निकामी नमुन्यात विषाणू सापडला नाही तर कागदावर पुन्हा शून्यच उमटते. शून्यांचे असे अनेक प्रकार आहेत. न पाहिलेले, वितळलेले, आणि खरे.

आपल्या भागापुरता आणखी एक पेच आहे. निपाणीच्या मध्यावर कंपासाचे टोक ठेवून दहा किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्यात महाराष्ट्रातील कागल तालुक्याची गावे येतात. वेदगंगा मुरगूडकडून यमगर्णीच्या पुलाखाली येते ती कोणाची परवानगी घेऊन येत नाही. निपाणीच्या बाजूला पाखरू मेले तर नमुना जायचा बंगळूरच्या हेब्बाळ येथील संस्थेकडे. नदीच्या वरच्या अंगाला कागलच्या शिवारात तेच पाखरू मेले तर पुण्याच्या औंधच्या प्रयोगशाळेकडे. दोन्हीकडून संशयित नमुने शेवटी भोपाळलाच जातात. म्हणजे सहा-सात मैलांवर असलेल्या दोन गावांना एकमेकांची बातमी भोपाळमार्गे कळायची. जुन्या पशुवैद्यांपैकी काही जण पलीकडच्या सहकाऱ्याला सरळ फोन करीत, आणि नियमात नसले तरी काम त्यानेच होई. सीमेच्या वादाचा येथे संबंध नाही. दोन राज्यांची दप्तरे निराळी आहेत एवढेच, आणि तेवढे रोगाला पुरते.

नंतरच्या वर्षांत पाखरांविषयी पुष्कळ कळले. मंगोलियात मानेला क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकादंब म्हैसूरजवळच्या हदिनारु तलावावर दिसले. गदग जिल्ह्यातल्या शिरहट्टी तालुक्यातील मागडीच्या तलावावर हे हंस हिवाळ्यात मोठ्या संख्येने उतरतात. जानेवारी २०२४ मध्ये त्या तलावाला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बेळगावहून तो एका दिवसात पाहून येण्याजोगा आहे. दिवसभर हंस पाण्यावर विसावतात आणि अंधार पडू लागला की शेतांत चरायला जातात. शेतकरी कुरकुरतात, पण हाकलून लावीत नाहीत.

पाखरे निर्दोष आहेत असे ठरवून टाकणारेही आता थोडे अडचणीत आले आहेत. डिसेंबर २०२० च्या अखेरीस हिमाचल प्रदेशातील पोंग धरणाच्या जलाशयावर पट्टकादंब मरू लागले. काही आठवड्यांत सुमारे पाच हजार पाखरे गेली, आणि भोपाळने एच५एन१ असा निष्कर्ष दिला. तेथील वनखात्याच्या लोकांनी मेलेल्या पाखरांची रोजच्या रोज मोजदाद केली, जातवार नोंद ठेवली, शव पुरले आणि आकडे जाहीर केले. आजूबाजूच्या गावांतील कोंबडीविक्री काही काळ बंद झाली, लोकांचे नुकसान झाले, पण अफवा फार वाढली नाही, कारण आकडा रोज समोर होता. त्याच जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या आणि पुन्हा तोच रोग निघाला. २०२१ च्या जुलैत दिल्लीत एका मुलाचा या रोगाने मृत्यू झाला, तो भारतातला पहिला. निदान पुण्याच्या त्याच संस्थेने केले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला मेले ते कावळे. हंस येतात थंडीपुरते. कावळा मात्र आपल्या उकिरड्यावर बारा महिने असतो.

निवृत्तीनंतर हिवाळ्यात मी आठवड्यातून एकदा घटप्रभेकाठी धुपदाळला किंवा हिडकलच्या जलाशयावर जातो. धुपदाळचा बंधारा इंग्रजी अमदानीतला, आणि १९७४ पासून तेथे पक्षी अभयारण्य आहे. कांड्या करकोचे आले की पलीकडच्या शेतांतून त्यांचा कलकलाट ऐकू येतो. बरोबर दुर्बीण आणि एक शंभर पानी वही असते. वहीत तारीख, वेळ, पाणी किती, पाखरे अंदाजे किती, आणि शेवटच्या रकान्यात मेलेली किती. बहुतेक पानांवर त्या रकान्यात शून्य आहे. ते काठ पूर्ण फिरून झाल्याशिवाय लिहायचे नाही, एवढा माझा नियम. गुडघे तक्रार करतात.

गेल्या माघात त्या रकान्यात एक आकडा पडला. कडेच्या बेशरमीत एक वारकरी मरून पडला होता. काळा देह, कपाळावर पांढरा टिळा. जवळ गेलो नाही. ओळखीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला आणि बांधावर बसून राहिलो. दोन कुत्री यायला लागली होती, त्यांना खडे मारून हाकलीत होतो. पावणेदोन तासांनी मोटारसायकलवरून एक तरुण आला, मागे बर्फाची पेटी बांधलेली. तोंडाला फडके आणि हातांत मोजे चढवून त्याने पाखरू पिशवीत घातले, पिशवीवर पिशवी बांधली. मग खिशातून कागद काढून मला विचारले, "काका, किती वाजता दिसलं?"

मी वही उघडून सांगितले, आठ वाजून दहा मिनिटे.